गणपतीत मामांशी विश्वाच्या उत्पत्तीवर वाद घालायचा असेल तर

दरवर्षी गणपतीत आमच्या आजोळी, साताऱ्याजवळ, दुपारची जेवणं उरकली की ओसरीवर सतरंजी पडते, अडकित्ता फिरतो आणि कोणीतरी हा विषय काढतंच. बिग बँग आपल्या वेदांत आधीच लिहिलेलं होतं, एवढं मोठं विश्व आपोआप कसं बनेल, कोणीतरी कर्ता असणारच वगैरे. चार वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, युट्यूबवर व्हिडिओ बघून तयारीतच आलेलो, आणि मी माझ्या थोरल्या मामांना पंधरा-वीस माणसांसमोर असं धारेवर धरलं की विचारू नका. मामा काही बोलले नाहीत, उठून मागच्या अंगणात जाऊन बसले. आरतीला टाळ कायम त्यांच्या हातात असतात, त्या संध्याकाळी त्यांनी ते माझ्या मावसभावाकडे दिले आणि स्वतः दाराशी उभे राहिले. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आणि त्यात माझे अर्धे मुद्दे चुकीचे होते, ते नंतर नीट वाचायला लागल्यावर कळलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांना घरात किंवा ऑफिसात हा वाद टाळायचा नाहीये पण माणूसही तोडायचा नाहीये त्यांच्यासाठी. गप्प बसा असं मी अजिबात सांगणार नाही, कारण ओसरीवर लहान मुलं बसलेली असतात आणि ती सगळं ऐकत असतात.

सगळ्यात आधी भांडण शब्दांचं आहे का ते बघा. आपल्याकडे "शास्त्र" या एका शब्दाने घोळ केलाय. शास्त्रज्ञ म्हणजे सायंटिस्ट, आणि "उंबऱ्यावर बसू नये, शास्त्र आहे ते" यातलं शास्त्र म्हणजे रूढी. मामा म्हणतात "हे शास्त्रात सांगितलंय" तेव्हा त्यांना पोथी म्हणायची असते, आपल्या डोक्यात फिजिक्स येतं, आणि दोघं तासभर एकमेकांशी बोलतच नसतात. मी आता सरळ "विज्ञान" आणि "पोथी" असे वेगळे शब्द वापरतो. पोथी म्हणताना आवाजात हेटाळणी नको, ती लगेच कळते.

दुसरा शब्द "महास्फोट". मराठीत आपण बिग बँगचं भाषांतर असं केलं आणि डोळ्यासमोर बॉम्ब आला. मग समोरचा विचारणारच, की अरे स्फोटाने वस्तू मोडतात, बनतात कुठे, तुझ्या त्या स्फोटातून एवढे ग्रह-तारे शिस्तीत कसे आले? प्रश्न चुकीचा नाहीये, शब्द चुकीचा आहे. मुळात बिग बँग हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना वापरलं आणि ते स्वतः या सिद्धांताचे विरोधक होते. सिद्धांत असं म्हणतच नाही की कुठल्यातरी रिकाम्या जागेत मधोमध काहीतरी फुटलं. तो एवढंच म्हणतो की साधारण १३८० कोटी वर्षांपूर्वी आपल्याला दिसतं ते सगळं विश्व अतिशय दाट आणि अतिशय तप्त होतं आणि तेव्हापासून जागाच पसरत आलीय. "शून्यातून विश्व आलं" हे पण तो म्हणत नाही, आणि मी त्या दिवशी मामांना नेमकं हेच ठणकावून सांगत होतो.

आता मुख्य गोष्ट. वाद घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, हे आपल्याला कसं कळलं? "शास्त्रज्ञ म्हणतात" हे उत्तर नाही, तसं तर "ऋषी म्हणतात" हे पण उत्तरच झालं. माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत. ड्रायव्हरने येऊन सांगितलं गिअरबॉक्स गेलाय, तर ते आयुष्यात कधी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून गिअरबॉक्स उतरवायचे नाहीत, आधी गाडी चालवून आवाज ऐकायचे. अशा माणसाला पुरावा कळत नाही असं समजणं हा माझा मूर्खपणा होता. त्यांना पुरावा कोणी दाखवलाच नव्हता. तीन पुरावे पाठ नाही, समजून घ्या, एवढे पुरतात.

पहिला, आकाशगंगा लांब जातायत. दूरच्या आकाशगंगांचा प्रकाश रंगांत फोडला की त्यातल्या ठरावीक रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात, म्हणजे प्रकाशाची लहर वाटेत ताणली गेलीय, आणि जेवढी आकाशगंगा लांब तेवढं सरकणं जास्त. १९२९ साली एडविन हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून हे अंतराशी जोडून दाखवलं. हे मुलांना आणि मोठ्यांना दाखवायचं असेल तर फुगा घ्या, अर्धवट फुगवा आणि त्यावर टिकल्या चिकटवा. पेनाने ठिपके काढू नका, फुगा फुगला की ठिपकेही मोठे होतात आणि चुकीचं समजतं. टिकली तेवढीच राहते, मधलं अंतर वाढतं, आकाशगंगांचं तसंच आहे, त्या स्वतः फुगत नाहीत. आता कुठल्याही एका टिकलीवर बोट ठेवून सांगा, तू इथे राहतोस, बघ बाकीच्या सगळ्या तुझ्यापासून लांब चालल्यात, आणि लांबच्या जास्त भराभर. दुसऱ्या टिकलीवर बोट ठेवलं तरी तेच. म्हणजे मध्य कुठेच नाही. कोणीतरी हुशार पोरगं म्हणतं की फुग्याच्या आत मध्य आहे की, तर त्याला शाबासकी द्या आणि सांगा की या खेळात विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग, आतली हवा धरायची नाही. मामींच्या टिकल्यांचं अख्खं पाकीट संपलं होतं आमच्याकडे, पण सगळ्यात जास्त वेळ ओसरी शांत झाली ती या फुग्याने.

दुसरा पुरावा माझा सगळ्यात लाडका. जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या यायच्या, आठवतंय? त्या मुंग्यांमधला एखादा टक्का विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून आलेला असायचा. विश्व तप्त होतं तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सगळीकडून यायला हवा, फक्त विश्व पसरल्यामुळे तो खूप गार झालेला असणार, असं राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ साली गणित करून सांगितलं होतं, अंदाज होता पाच केल्विनच्या, म्हणजे उणे २६८ डिग्री सेल्सियसच्या आसपास. पुढे १९६४ मध्ये न्यूजर्सीला बेल लॅबमध्ये आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते, त्यांना एक खरखर येत राहिली, कुठेही वळवा, दिवस असो रात्र असो, खरखर तेवढीच. कर्ण्यात कबुतरांनी घर केलं होतं, ती हाकलली, विष्ठा साफ केली, तरी खरखर जाईना. तीच ती उष्णता. आज तिचं तापमान मोजलंय २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० डिग्री सेल्सियसच्या आसपास. १९७८ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं.

इथे समोरच्याला एक गोष्ट शांतपणे दाखवा. सांगितलं आधी, सापडलं नंतर, आणि नसतं सापडलं तर सिद्धांत पडला असता. हा क्रम महत्त्वाचा आहे, पुढे वेदांच्या मुद्द्याला लागतो.

तिसरा पुरावा हेलियमचा, थोडक्यात सांगतो. विश्वातल्या साध्या पदार्थात वजनाने पाव हिस्सा हेलियम आहे, आणि ताऱ्यांच्या भट्टीत एवढा बनू शकत नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांत विश्व तापलेलं होतं असं धरून गणित केलं की बरोबर तेवढाच येतो.

आता वेद. "आपल्याकडे आधीच होतं" याला "काहीही काय" असं उत्तर देऊ नका. नासदीय सूक्त खरंच उघडून वाचा, ऋग्वेदाचं दहावं मंडल, १२९ वं सूक्त, फक्त सात ऋचा आहेत. सुरुवात होते की तेव्हा असत् नव्हतं, सत् पण नव्हतं, आणि पुढे येतं "को अद्धा वेद क इह प्र वोचत्", खरं कोणाला माहीत आहे, कोण इथे सांगू शकेल? देव तर या सृष्टीनंतरचे, मग कुठून आलं हे कोणाला ठाऊक? आणि शेवटची ऋचा, परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, "यदि वा न वेद", किंवा त्यालाही नसेल. मी हे पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. एवढ्या जुन्या काळात कोणीतरी उत्तर न देता थांबलं आणि ते तसंच जपून ठेवलं पिढ्यानपिढ्या. यात बिग बँग आहे असं म्हणणं म्हणजे त्या कवीच्या तोंडात आपले शब्द घालणं आहे, आणि मला तो त्याचा अपमान वाटतो. मामांना मी हे असंच सांगितलं, आणि ते ऐकून घेतलं त्यांनी, कारण मी सूक्ताची बाजू घेत होतो.

याच दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे, पुरुषसूक्त आहे, आणि उत्पत्तीची उत्तरं तिन्हीकडे वेगवेगळी आहेत. तेव्हा कोणी "वेदात लिहिलंय" म्हटलं की प्रेमाने विचारा, कुठल्या सूक्तात?

मग येतो कल्पाचा आकडा. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं आणि पृथ्वीचं वय निघालंय ४५४ कोटी, बघा जुळतंय की नाही! ऐकायला जबरदस्त वाटतं आणि इथे बरेच जण अडकतात. तर पूजेच्या वेळी गुरुजी संकल्प सांगतात तो आठवा, "श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे अष्टाविंशतितमे", म्हणजे आपण श्वेतवाराह कल्पात आहोत, त्यातल्या चौदांपैकी सातव्या मन्वंतरात, त्यातही अठ्ठाविसाव्या महायुगात. ४३२ कोटी हा पूर्ण दिवस झाला, तो अजून संपलेला नाही. या हिशोबाने आत्तापर्यंत उलटली सुमारे १९७ कोटी वर्षं. म्हणजे परंपरेचं स्वतःचं गणित लावलं तर आकडा ना पृथ्वीला जुळतो ना विश्वाच्या १३८० कोटींना. आमच्या घरी हे गुरुजींनाच विचारलं, त्यांनी बोटांवर मोजून मन्वंतरं सांगितली आणि आकडा बरोबर आहे म्हणाले, तेव्हा मला वेगळं काही बोलावंच लागलं नाही. वर हे पण सांगा, आणि मनापासून सांगा, की जगात बऱ्याच ठिकाणी सृष्टीचं वय काही हजार वर्षं मानलं जात होतं तेव्हा कोट्यवधी वर्षांच्या भाषेत विचार करणं ही मोठी झेप होती. पण पृथ्वीचं वय कसं कळलं? क्लेअर पॅटरसनने १९५६ साली उल्केतल्या शिशाच्या प्रकारांचं प्रमाण मोजून ते ४५५ कोटी काढलं. मोजून.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. कुराणातल्या आकाश आणि पृथ्वी जोडलेले होते ते वेगळे केले या आयतीत बिग बँग शोधणारे आहेत, बायबलातल्या "प्रकाश होवो" मध्ये शोधणारे आहेत. ओळखण्याची खूण एकच, शोध लागल्यानंतर ओळ सापडते, आधी कधीच नाही. मात्र दुसऱ्यांच्या ग्रंथाला हसायचं आणि आपल्या ग्रंथापाशी आलं की आवाज खाली करायचा, हे करू नका. उलटं पण करू नका.

सर्न या युरोपातल्या अणुकणांच्या संशोधन केंद्राच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे म्हणून फॉरवर्ड येतो, तर हो, आहे, भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली. सुंदर आहे. भेट हा पुरावा होत नाही, एवढं बोलून पुढे जा. "थिअरीच आहे ना शेवटी" याला पण एका वाक्यात उत्तर, आपण बोलताना थिअरी म्हणतो तो अंदाज, विज्ञानात थिअरी म्हणजे तपासून टिकलेला सिद्धांत.

एक मुद्दा मात्र मराठी घरात हमखास येतो आणि त्याची तयारी हवीच, "तुमच्या नारळीकरांनाच बिग बँग मान्य नव्हतं". हे खरं आहे, नाकारू नका. जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी, स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम साधारण असंच आहे या मताच्या बाजूने त्यांनी काम केलं, आणि १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. मे २०२५ मध्ये ते गेले, तोपर्यंत त्यांच्या शंका कायम होत्या. पण त्यांनी विरोध केला तो कसा? गणित मांडून, पेपर छापून, इतरांना चुका काढायला बोलावून. पोथीत वेगळं लिहिलंय म्हणून नाही. बाकी बहुतेक शास्त्रज्ञांना पुरावा दुसऱ्या बाजूला दिसला आणि ते तिकडे गेले. आणि याच नारळीकरांनी २००८ मध्ये २०० पत्रिका जमवून ज्योतिषांची चाचणी घेतली होती, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, कुठली पत्रिका कोणाची ते ओळखायचं होतं, २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि बरोबर निघाली ४६ टक्के, नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. त्यांना अर्धंच उद्धृत करणं बरोबर नाही.

आपल्या बाजूची छिद्रं पण आपणच आधी सांगायची. विश्वातला साधा पदार्थ जेमतेम पाच टक्के, उरलेलं डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी नक्की काय आहे ते माहीत नाही. विश्व किती वेगाने पसरतंय याची दोन पद्धतींची उत्तरं दर ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला ६७ आणि ७३ किलोमीटर अशी येतात आणि ती जुळत नाहीयेत. हे तुम्ही सांगितलं नाहीत तर उद्या "बिग बँग खोटं ठरलं" म्हणून फॉरवर्ड येईल आणि तुम्ही लपवत होतात असं वाटेल.

आता देव. इथे मी खूप चुकलो म्हणून कळकळीने सांगतो, "विज्ञानाने सिद्ध केलंय की देव नाही" हे वाक्य बोलू नका, कारण ते खरं नाहीये. विश्व पसरतंय हे हबलच्या दोन वर्षं आधी, १९२७ मध्ये ज्याने मांडलं तो जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी भाषणात बिग बँगचा संबंध बायबलातल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा नाराज झाला तो हाच लमेत्र. माझा सिद्धांत श्रद्धेच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्याची भूमिका होती. कधी, कसं, किती, हे मोजता येतं. कशासाठी, कोणी, हे मोजायची पट्टी अजून कोणाकडे नाही. मामांचा गणपती त्या दुसऱ्या प्रश्नात आहे, त्याला हात लावायची मला गरजच नव्हती. पण पट्टी असलेल्या प्रश्नात कोणी पोथीचं उत्तर शाळेच्या पुस्तकात घाला म्हणालं, तर तिथे मात्र एक इंचही मागे सरकायचं नाही.

वागण्याचं थोडंसं. सगळ्यांसमोर कधीही नाही, मोठ्या माणसाला पोराबाळांसमोर हरता येत नाही. दोघंच असताना, चहा घेताना किंवा हार ओवताना बोला. फॅमिली ग्रुपवर तर नाहीच, तिथे पटणं होत नाही, नुसते अंगठे येतात. "तुम्हाला काय कळतंय" हे वाक्य जिभेवर आलं तर पाणी प्या. समोरच्याचा मुद्दा आधी त्याच्या शब्दांत परत सांगा, "म्हणजे मामा तुमचं म्हणणं असं ना की", ते हो म्हणाले की मगच आपलं. आणि "माहीत नाही" म्हणायची सवय करा. बिग बँगच्या आधी काय होतं? माहीत नाही. नासदीय सूक्तवाल्यालाही नव्हतं.

शेवटचं, जमलं तर प्रत्यक्ष दाखवायला न्या. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, लोकांना आत सोडतात. ओझर आणि लेण्याद्री दोन्ही अष्टविनायक त्याच तालुक्यात, त्यामुळे मी मामांना म्हटलं, सकाळी ओझरला दर्शन घेऊ, मग खोडदला जाऊ. लगेच तयार झाले. अँटेनाखाली उभं राहून ते वर बघत राहिले, आणि पहिला प्रश्न त्यांचाच, ही तर नुसती तारेची जाळी आहे, वारा आरपार जातो, मग लहरी कशा अडकतात? मला नव्हतं माहीत. तिथल्या एका विद्यार्थिनीने समजावलं की काका, लहर लांब आणि जाळीची भोकं बारीक, त्यामुळे लहरीला ती पत्र्यासारखीच. मग तिने सांगितलं की इथेच एका आकाशगंगेच्या हायड्रोजनचा ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल पकडलाय, २०२३ मध्ये जाहीर झालं. निघाला तेव्हा लहरीची लांबी २१ सेंटिमीटर, इथे पोचेपर्यंत ४८, कारण वाटेत जागाच ताणली गेली.

मामांनी कठड्यावर वीत ठेवली. मग कोपरापासून बोटापर्यंत हात आडवा ठेवला. "वीतभर निघाली आणि हातभर होऊन आली," म्हणाले, "आणि ताणली कोणी?"

मी म्हटलं, कशी ताणली ते सांगतो मामा, कोणी ते मला माहीत नाही.

"बरं, कशी ते तर सांग," म्हणाले, आणि नारायणगावला चहाला थांबेपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.